इतिहासाचे ऑनलाइन दप्तर: कुठे शोधावे आणि वर्गात कसे उघडावे

चेंबूरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, वर्गात एक प्रोजेक्टर आणि पंचावन्न मुले असताना इतिहासाची कोणती ऑनलाइन साधने भरवशाने वापरावीत, त्यांपैकी मराठीत काय मिळते, आणि मुले प्रकल्पात जे उतरवून आणतात ते तपासायचे कसे. बाई, मी परळ-लालबाग भागात अठ्ठावीस वर्षे हा विषय शिकवला आणि आता शिक्षकांच्या कार्यशाळा घेते. संकेतस्थळांची यादी मीही एकेकाळी फळ्यावर लिहून देत असे. मुले ती वहीत नीट उतरवून घेत आणि घरी जाऊन शोधात जे सर्वांत वर येईल तेच छापून आणत. त्यामुळे यादी देण्याआधी माझी एक अट सांगते: आधी प्रश्न ठरवावा, शक्यतो मुलांच्या पायाखालच्या जागेचा, मग त्या प्रश्नासाठी एका तासाला एकच साधन वर्गात आणावे, आणि ते कोणी, कधी, कशासाठी तयार केले हे मुलांना सांगता येईपर्यंत दुसऱ्या साधनाला हात लावू नये. सातवी, आठवी आणि नववीची पाठ्यपुस्तके ‘इतिहासाची साधने’ याच पाठाने सुरू होतात. आपण तो पाठ जूनमध्ये घाईने उरकतो, आणि वर्षभराचा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी स्वतः सुरुवात करते ती पाच-सहा आकड्यांच्या एका तक्त्याने. मुंबई शहराची लोकसंख्या १८६४ मध्ये ८,१६,५६२ मोजली गेली, १८७२ मध्ये ६,४४,४०५, १८८१ मध्ये ७,७३,१९६, १८९१ मध्ये ८,२१,७६४, १९०१ मध्ये ७,७६,००६ आणि १९०६ च्या खास मोजणीत ९,७७,८२२. कागद वाटला की दोनच गोष्टी विचारायच्या: लोकसंख्या कुठे कुठे घटली, आणि का घटली असेल. १८९१ ते १९०१ ही घट मुले चटकन पकडतात, कारण प्लेग त्यांना ऐकून माहीत असतो. मग कोणीतरी वजाबाकी करते आणि वर्ग गप्प होतो, कारण प्लेगच्या दशकातली घट ४५,७५८ इतकीच भरते आणि १८६४ ते १८७२ मधली १,७२,१५७, म्हणजे जवळजवळ चौपट. त्या काळात कुठली साथ आली होती, असे मुले विचारतात. तेव्हा अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाकडे वळता येते: तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैसा आणि माणसे ओतली गेली, शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळून कामासाठी आलेले लोक परतले.

प्लेगची घट लहान का दिसते, हा त्यापुढचा आणि जास्त कठीण प्रश्न आहे. जनगणना दहा वर्षांनी एकदा होते. मधल्या काळात मेलेल्यांची आणि पळून गेलेल्यांची जागा नव्याने आलेल्या माणसांनी काही अंशी भरून काढलेली असते, त्यामुळे दोन मोजण्यांतली वजाबाकी म्हणजे मृतांचा आकडा नव्हे. १९०६ मध्ये प्लेग शहरातून गेलेला नव्हता आणि तरीही लोकसंख्या दोन लाखांनी वाढलेली दिसते, हे पाहिले की मुलांना ते नीट उमगते. एक साधा तक्ताही कसा चुकीचा वाचता येतो, हे दहावीच्या इतिहासलेखनाच्या पाठापेक्षा या एका तासात जास्त कळते, असा माझा अनुभव आहे.

हे आकडे आणि त्यांमागची हकीकत शोधण्यासाठी महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे संकेतस्थळ पहिले उघडावे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर आणि १९०९-१० मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांनी तीन खंडांत सिद्ध केलेले मुंबई शहराचे गॅझेटियर असे जुने खंड तिथे वाचायला मिळतात, आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या स्कॅन प्रतीही आहेत. कॅम्बेल यांच्या मालिकेतला सव्विसावा खंड मुंबई बेटासाठी जमवलेल्या कागदपत्रांचा आहे आणि त्याचेच तीन भाग आहेत. पण तो शिक्षकाने स्वतः वाचावा, मुलांना देऊ नये. गॅझेटियर हे राज्य करणाऱ्या अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले पुस्तक आहे. पिके, बंदरे, रस्ते, बाजारपेठा यांबद्दल ते मोलाचे आहे, मात्र जातीजमातींची वर्णने करताना लेखणी ज्या सुरात चालते तो सूर वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवण्याजोगा नाही, कारण त्याच जातींची मुले समोर बसलेली असतात. तो मजकूर वापरायचाच असेल, तर ‘हे लिहिणाऱ्याला असे लिहावेसे का वाटले’ या प्रश्नासह वापरावा.

प्लेगसाठी सर्वांत समृद्ध साधने, काहीशा विचित्र योगाने, स्कॉटलंड आणि लंडनमध्ये आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह खुला केला आहे आणि त्यात प्लेगचे अहवाल आहेत. लंडनच्या वेलकम संग्रहात १८९६-९७ च्या मुंबईतली छायाचित्रे आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि त्यानंतर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. छायाचित्रांतला मोठा भाग या समितीचे काम दाखवणारा आहे. एखादे छायाचित्र प्रोजेक्टरवर लावून मी मुलांना दहा मिनिटे नुसते पाहायला लावते. मग विचारते: कोण कॅमेऱ्याकडे पाहते आहे आणि कोण पाहत नाही? टोपीवाले कुठे उभे आहेत, घरातली बाई कुठे आहे? या क्षणी इथे कॅमेरा आणला कोणी? एका मुलीने म्हटले होते, ‘बाई, सगळे अगदी शांत उभे आहेत, पण घर तपासायला माणसे आली की लोक असे शांत उभे राहतात का?’ छायाचित्र काढवून घेणाऱ्याला काय दाखवायचे होते, हे याहून चांगले मी शिकवू शकले नसते. सरकारी अहवालासमोर ठेवायला त्या काळातल्या वृत्तपत्रांतला मजकूर मिळाला तर उत्तमच.

या विषयाला मुंबईत पायी फिरता येते, हा आपला फायदा आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत असताना. त्यांच्या नावाची संस्था परळला आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंगा-शीवच्या वसाहती या त्याच्याच योजना आहेत. दादरच्या हिंदू कॉलनीतून रोज क्लासला जाणाऱ्या मुलांना तिथले रस्ते इतके सरळ आणि रुंद का, हा प्रश्न एकदा तरी पडायला हवा.

आता मराठीतील साधनांकडे येते, कारण आपल्या मुलांना इंग्रजीतले शंभर वर्षांपूर्वीचे अहवाल पेलत नाहीत, आणि पेलावेत अशी अपेक्षाही करू नये. संदर्भासाठी पहिले दार मराठी विश्वकोशाचे. पहिला खंड १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघाला आणि आता सगळ्या नोंदी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. नोंदीखाली लेखकाचे नाव असते, ही मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. कोणी लिहिले ते कळते. नोंद जुनी असेल तर आकडे जुने असणार, एवढे मुलांना सांगून ठेवावे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ प्रकाशने मोफत उपलब्ध केली आहेत आणि त्यांत महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मयही आहे. मराठी विकिस्रोतावर फुल्यांचे काही लेखन टंकलिखित स्वरूपात असल्याने त्यात शब्द शोधता येतो. ‘शेतकऱ्याचा असूड’मधला एखादा परिच्छेद आणि त्याच काळातल्या जिल्हा गॅझेटियरमधला शेतसाऱ्याचा परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून पाहा, आठवीचा एक तास सहज रंगतो. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर आहेत आणि पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये उघडतात, हे आपल्याला माहीत असेलच. त्यातल्या चित्रफिती उजळणीसाठी ठीक आहेत. साधन म्हणून त्यांचा उपयोग नाही.

जुनी मराठी पुस्तके आणि कागदपत्रे हवी असतील तर इंटरनेट आर्काइव्हवरचा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा साठा अफाट आहे, पण तिथे शोधण्याची एक खोड आधी अंगवळणी पाडून घ्यावी लागते. तिथली मराठी शीर्षके रोमन लिपीत अशा पद्धतीने नोंदवली आहेत की, दीर्घ ‘आ’साठी दोन अक्षरे, अनुस्वारासाठी अक्षराशेजारी वर स्वल्पविरामासारखी एक खूण, आणि त्यात टंकनाच्या चुका. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड आपण सरळ नावाने शोधले तर बहुधा एक-दोनच सापडतील, म्हणून लेखकाचे आडनाव वेगवेगळ्या स्पेलिंगांनी घालून पाहावे, किंवा नुसता ‘साधने’सारखा शब्द तोडून घालावा. स्कॅन केलेल्या जुन्या देवनागरीतला मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही, त्यामुळे पुस्तकाच्या आत शब्द शोधायला जाऊ नये, अनुक्रमणिका उघडावी. इंग्रजी साठ्यातही नावांचा घोळ असतोच: मुंबई कुठेही ‘मुंबई’ म्हणून सापडणार नाही, ठाण्याचे ‘टॅना’ आणि पुण्याचे ‘पूना’ करून शोधावे लागते, आणि गिरगावची तर तीन-चार रूपे मी पाहिली आहेत.

मुंबईपुरते बोलायचे तर एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह शिक्षकांनी अजून पुरेसा वापरलेला नाही. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयातले जुने ग्रंथ, नकाशे, वृत्तपत्रे यांच्या डिजिटल प्रती त्यात आहेत. मुलांना जुना नकाशा द्यावा आणि त्यावर आपली शाळा जिथे आहे तिथे त्या वेळी काय होते ते शोधायला लावावे. चेंबूरच्या मुलांना बहुधा शेत, मिठागर किंवा कोरी जागा दिसेल आणि निम्मी मुले नकाशाच चुकला असे म्हणतील. तिथून तास आपोआप चालतो.

तारखांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे शिक्षकही चुकतात आणि चूक मुलांपर्यंत तशीच जाते. मराठी साधनांत शके येतात आणि आपण डोळे मिटून ७८ मिळवतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, हा राज्याभिषेकाचा दिवस. ७८ मिळवले की १६७४ येते आणि ते बरोबर आहे. पण जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या कालक्रमाच्या नोंदींत, शिवजन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे आणि तिथे ७८ मिळवले तर १६२९ येते, जे चूक आहे. शके वर्ष चैत्रात सुरू होते, फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना, आणि तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. म्हणून जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मिळते. एवढे गणित मुलांच्या हाताने फळ्यावर करून घेतले, तर दोन संकेतस्थळांवर दोन वेगळी वर्षे का दिसतात याचे निदान एक कारण त्यांना स्वतः शोधता येते. (शिवजन्माच्या तिथीचा जुना वाद याहून निराळा आहे आणि तो वर्गात वाद म्हणूनच सांगावा, दोन्ही बाजूंच्या साधनांसह.)

जुने शब्द हीसुद्धा अशीच अडचण. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शोधता येतील अशा रूपात आहेत, आणि मोबाइलवरही उघडतात. सातवीच्या पुस्तकात शेतकऱ्यांचे ‘मिरासदार’ आणि ‘उपरी’ असे दोन प्रकार येतात. मुंबईच्या मुलाला ‘उपरी’ म्हटले की ‘उपरा’ आठवतो आणि मग मुंबईत उपरा कोण यावर वर्गात भांडण पेटते, हा अनुभव आपल्यालाही आला असेल. अशा वेळी प्रोजेक्टरवर कोश उघडावा: ज्याला जमिनीवर वंशपरंपरागत हक्क नाही असा कसणारा, एवढाच त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ. शब्दाचा आजचा अर्थ मागच्या शतकांवर लादायचा नाही, हा धडा भाषण न देता शिकवला जातो.

अभिलेखागारांबद्दल थोडक्यात सांगते. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे दार सगळ्यांना खुले आहे. तिथे सरकारी फाइलींच्या नोंदी शोधता येतात आणि पुष्कळ फाइलींच्या स्कॅन प्रती पाहता येतात. शाळेतल्या मुलाने तिथे भटकू नये, हरवतो. शिक्षकाने एक फाइल निवडून तिचे पहिले पान दाखवावे: विभागाचे नाव, क्रमांक, वर्ष, कडेला साहेबांचे शेरे. आपले राज्य पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे आणि त्याची सुरुवात १८२१ ची आहे. तिथला फार थोडा साठा ऑनलाइन आहे, आणि ते मुलांना मुद्दाम सांगावे, कारण नेटवर नाही म्हणजे कुठेच नाही, अशी या पिढीची समजूत झाली आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाचे ‘इंडियन कल्चर’ हे पोर्टल २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते आपल्या पवईच्या आयआयटीतल्या चमूने बांधले आहे. दुर्मीळ पुस्तके, अभिलेख आणि संग्रहालयांतल्या वस्तू एकाच शोधात येतात, त्यामुळे आठवीच्या मुलांना मोकळे सोडायचेच असेल तर इथे सोडावे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची काही दालने घरबसल्या पाहता येतात हे खरे, तरी त्यांची फिरती संग्रहालय बस शाळेच्या पटांगणात आली तर पडद्यापेक्षा ती केव्हाही चांगली.

राज्यशास्त्राच्या जोडीने शिकवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि संविधान सभेतील चर्चा यांचा उपयोग होतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर-लेखनाच्या खंडांच्या पीडीएफ थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे शोधायला कोणी जाणार नाही म्हणून मुद्दाम सांगते. कोलंबिया विद्यापीठाने जातिनिर्मूलनावरील त्यांच्या १९३६ च्या, प्रत्यक्षात न झालेल्या, भाषणाची टीपांसह ऑनलाइन आवृत्ती केली आहे. संविधान सभेच्या ९ डिसेंबर १९४६ पासूनच्या चर्चा दिवसागणिक वाचता येतात. समाजमाध्यमांवर बाबासाहेबांच्या नावे फिरणारे एखादे वाक्य घ्यावे आणि ते या खंडांत किंवा चर्चेत सापडते का, एवढेच गृहपाठाला द्यावे. पुष्कळदा सापडत नाही, आणि मुले दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर वाद घालून येतात.

नववीचा अभ्यासक्रम १९६० नंतरचा आहे आणि त्याचे साधन मुलांच्या घरातच असते. आमच्या भागातल्या मुलांना मी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल घरी विचारायला सांगत असे. गिरणीचे हजेरीकार्ड, युनियनची पावती, चाळीच्या भाड्याची पुस्तिका असे कागद ट्रंकेतून निघत आणि आजोबा पहिल्यांदाच तासभर बोलत. ऑनलाइन जोड म्हणून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ द्यावे. ते २०१४ पासून चालू आहे, त्यावर मराठीत भरपूर मजकूर आहे, आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या तुफान सेनेच्या सैनिकांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणी त्यात वाचायला आणि पाहायला मिळतात. आजोबांची आठवण हीसुद्धा साधनच आहे आणि तिलाही तेच प्रश्न विचारायचे. सांगणाऱ्याचा मान राखून विचारायचे, एवढाच फरक. घरचे कागद तपासायला जरूर मागवा, मात्र रेशनकार्डाचा किंवा आधारचा फोटो मुलांना कुठल्याही ग्रुपवर टाकू देऊ नका.

आता चुकीच्या मजकुराबद्दल. काही वर्षांपूर्वी एका मुलाने पहिल्या रेल्वेवर सुंदर प्रकल्प केला. मुखपृष्ठावर धुराच्या इंजिनाची गाडी, फेटेवाले प्रवासी, आणि मागे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट. चित्र त्याने यंत्राकडून बनवून घेतले होते आणि खाली लिहिले होते, ‘१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर’. मी काही बोलले नाही. ते चित्र वर्गात लावले आणि त्या इमारतीचे बांधकाम कधी सुरू झाले ते शोधा, असे सांगितले. दोन मिनिटांत एका मुलीने १८७८ असे ओरडून सांगितले. बांधकाम पुरे व्हायला १८८८ उजाडले. म्हणजे चित्रातला घुमट गाडी सुटल्यावर पस्तीस वर्षांनी उभा राहिला. चित्र करणाऱ्या मुलालाही हसू आले आणि त्याने ते प्रकल्पात तसेच ठेवून खाली चूक लिहिली. त्याला मी सर्वांत जास्त गुण दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटने दिलेल्या पुस्तकांच्या नावांनाही हीच परीक्षा लावावी: पुस्तक प्रत्यक्ष कुठल्या ग्रंथालयाच्या सूचीत सापडते का ते पाहावे. विकिपीडियाला माझी बंदी नाही. तो नकाशासारखा वापरावा: लेखातून संदर्भाकडे जावे, आणि लेखात कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवणारे त्याचे ‘इतिहास’ हे पान एकदा वर्गात उघडून दाखवावे. शिवकालावरची पाने या दृष्टीने फार बोधप्रद असतात.

प्रकल्प तपासण्याबद्दल आपण विचारले आहे. चिकटवहीची पाने मी मोजत नाही. प्रत्येक साधनासाठी अर्ध्या पानाची नोंद मागते: हे काय आहे, कोणी केले, कधी, कोणासाठी, मला कुठे सापडले, आणि यात काय सांगितलेले नाही. शेवटचा रकाना उतरवून आणता येत नाही, म्हणून गुणांचा मोठा वाटा त्यालाच. त्यानंतर मुलाला टेबलाशी बोलावून दोन मिनिटे विचारायचे. पंचावन्न मुलांना दोन-दोन मिनिटे म्हणजे साधारण दोन तास. ते तास वेळापत्रकात आधीच धरून ठेवावेत, नाहीतर ते कधीच मिळत नाहीत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पुष्कळ मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन असतो आणि तो बाबांसोबत रात्री नऊला घरी येतो, त्यामुळे शंभर एमबीची पीडीएफ पाठवून उपयोग नाही. शाळेच्या संगणकावर ती उतरवावी, हवी ती दोनच पाने वेगळी काढावीत आणि त्यांचीच प्रत द्यावी. जे उपयोगी वाटेल ते उतरवून ठेवावेच: ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा महिनोन्महिने बंद पडल्या, मग आपल्याकडच्या लहान संग्रहांची काय कथा. हक्कांचेही भान ठेवावे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आणि छायाचित्रांसाठी प्रसिद्धीपासून साठ वर्षे हक्क राहतो. वर्गात दाखवणे वेगळे, शाळेच्या वार्षिकांकात छापणे वेगळे. छापायचे असेल तेव्हा संग्रहाच्या पानावरची परवानगीची ओळ वाचावी आणि संग्रहाचे नाव चित्राखाली द्यावे.

सुरुवात मात्र त्या लोकसंख्येच्या तक्त्यानेच करा, तो अर्ध्या कागदावर मावतो आणि झेरॉक्सला दोन रुपये पडतात. माझ्या कागदाच्या तळाशी आकडे कुठून घेतले त्याची एक ओळ असे. एका वर्षी झेरॉक्सवाल्याने कागद आखूड कापला आणि ती ओळ गेली. वाटून झाले, मुले वजाबाकीला लागली, आणि मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘बाई, पण हे सगळं मोजलं कोणी?’ तेव्हापासून मी ती ओळ स्वतःच कापते आणि हा प्रश्न येईपर्यंत फळ्याकडे वळत नाही.